ठेवून घ्या, जजसाहेब

कॉर्डेल घरी परतला आणि वर्नेल हॉलिसच्या मागे एक नवीन काम लागलं, दारं उघडून द्यायचं. पोरगा दारापाशी जायचा आणि थांबायचा. हात पाठीमागे बांधलेले, नजर खाली. बाथरूमचं दार असो, फ्रिजचं असो, कुणीतरी उघडून दिल्याशिवाय पाऊल हलायचं नाही. एकदा ती कारखान्यातून आली तर हा मागच्या जाळीच्या दाराआड उभा. केव्हापासून, ते काही त्यानं सांगितलं नाही.

"अरे, कडीसुद्धा नाहीये त्याला. ढकल की!"

"हो," म्हणाला, आणि तसाच उभा राहिला. वर्नेलनं दार ढकललं तेव्हा कुठे अंगणात गेला.

रोज कारखान्यात कोंबड्यांचे पंख छाटता छाटता ती देवाकडे एवढंच मागायची, की माझ्या पोराला एक दार, एकच, स्वतःच्या हातानं उघडू दे. बाकीचं मागायला तिला तोंड नव्हतं.

वर्नेल मूळची तोंडाची फाटकी बाई. नवरा मेम्फिसला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला, तेव्हाही ती रडली नव्हती. त्याचे बूट तिनं चर्चच्या जुन्या बाजारात विकले आणि आलेल्या पैशांचं आइस्क्रीम आणलं. चर्चच्या गायनात तिचा खालचा सूर असा भरदार, की पाद्रीबुवा तिच्याकडे बघून प्रवचन आवरतं घेत. अशा बाईची वाचा एकाच गोष्टीपुढे बसायची.

कॉर्डेल चौदाचा असताना त्यानं आणि तीन दोस्तांनी खतबियाण्याच्या दुकानाची काच फोडून गवत कापायची, वर बसून चालवायची गाडी पळवली. पळवली म्हणजे काय, चौघं तिच्यावर लटकून हायवेवरून मिरवत निघाले. ती गाडी धावून धावून धावणार किती! पोलीस गाडीतून उतरून चालत गेला आणि त्यानं त्यांना धरलं. आर्कान्साच्या त्या अख्ख्या गावानं पोट धरून हसून घेतलं. वर्नेल तेवढी हसली नाही. आपल्या काळ्या पोरांच्या वाट्याला दर वेळी चालत येणारा पोलीस येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

तेच नेमकं सिस्टर ओरलीनं तिच्या कानात भरवलं. ओरली म्हणजे चर्चमधली सगळ्यांची मोठी बाई, डोक्यावर कायम टोपी आणि जिभेवर कायम सल्ला. "घरी नेऊ नकोस त्याला," कोर्टाच्या बाकावर ती कुजबुजली. "माझ्या भाच्याला सुधारशाळेत ठेवलं होतं, बघ कसा सुतासारखा सरळ झाला. आज आपण कडक झालो नाही, तर उद्या कुणीतरी गोळी घालेल. मग बस रडत."

त्या जजची एक पद्धत होती. मुलाला बाजूच्या खोलीत पाठवायचं आणि निकालाआधी आईला विचारायचं, "आज घरी नेता का?" बाकीच्या तिघी आयांनी डोळ्यांना पदर लावावा तसे रुमाल लावले, हात जोडले, पोरं घरी नेली. वर्नेल रात्रपाळी करून आली होती. पाय सुजलेले, डोकं भणभणलेलं. ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "ठेवून घ्या, जजसाहेब. चार महिने. जरा वळण लागू दे."

जजनं तिचं कौतुक केलं. अशा आया आणखी हव्यात, म्हणाला. तिला त्या वेळी अभिमान वाटला, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त जाळलं ते त्या अभिमानानं.

नदीपलीकडच्या त्या जागेला पाटीवर शाळा म्हटलं होतं. भिंतीवर काटेरी तार असलेली शाळा! आत कुणी मारलं आणि यानं उलट मारलं, की मुक्काम वाढला. उलट बोलला, वाढला. गप्प राहिला तर उद्धट म्हणून वाढला. चार महिन्यांचा मुक्काम तो अठरा वर्षांचा होईपर्यंत लांबला. बाहेर आला तो डाव्या कानानं बहिरा होऊन. कुणाच्या फटक्यानं, ते विचारलं की मान फिरवायचा. जेवताना ताटाभोवती हाताचं कडं करायचा आणि घशात कोंबून मोकळा व्हायचा.

आणि तो आईवर रागावलेला नव्हता, हीच तर पंचाईत. तिथं भेटीच्या पहिल्याच रविवारी टेबलापलीकडून म्हणाला होता, "तू जजला खूप विनवलंस ना, आई? मला माहितीये. मी पोरांना सांगितलंय, माझी आई गुडघ्यांवर बसली होती." वर्नेलनं तिथल्या जेवणाची चौकशी केली. पुढच्या भेटीत ते गुडघ्यांवर बसणं आणखी रंगलं होतं. त्याच्याजवळ तिथं दुसरं काही नव्हतं, ते कसं काढून घेणार? तिनं स्वतःची अशी समजूत घातली. खरं म्हणजे ती घाबरली होती.

घरी आल्यावरच्या दुसऱ्या महिन्यातल्या रविवारी, चर्चमध्ये साक्ष द्यायच्या, म्हणजे देवानं कसं तारलं ते सगळ्यांसमोर सांगायच्या वेळी, कॉर्डेल आपणहून उभा राहिला. सगळ्या माना वळल्या.

"मला बोलता येत नाही फारसं," तो म्हणाला. "आत रात्री वाटायचं, आपण कुणालाच नको आहोत. मग मी आठवायचो, माझ्या आईनं जजचे पाय धरले होते. तिला मी हवा होतो. त्याच्यावर मी जगलो."

"आमेन!" चर्च दुमदुमलं. सिस्टर ओरलीही आमेन म्हणाली, पण पुटपुटत, आणि टोपी पुढे ओढली. नंतरच्या गाण्यात वर्नेलचा खालचा सूर कुणालाच ऐकू आला नाही.

घरी वर्नेलनं मासे तळले, मक्याचा पाव कापला. कॉर्डेलनं ताटाभोवती हाताचं कडं केलं. ती त्याच्या शेजारी बसली. आज बोलली नाही तर उद्या त्याच्या पोरांनाही हे खोटं ऐकवलं जाईल, आणि आपण आजी म्हणून मान हलवत बसू, या विचारानं तिला स्वतःची किळस आली.

"बाळा, मी नाही विनवलं जजला. मीच म्हणाले, ठेवून घ्या."

त्यानं घास चावला. मग सावकाश मान फिरवली आणि उजवा कान तिच्याकडे केला.

"परत सांग."

ती त्याच्या डाव्या, बहिऱ्या बाजूला बसली होती. एकदा सांगायलाच अर्धं आयुष्य गोळा करावं लागलं होतं. आता तेच तिला मोठ्यानं म्हणावं लागलं.

"ठेवून घ्या, जजसाहेब. असं म्हटलं मी. जज तुला घरी पाठवायला तयार होता. बाकीची तिघं गेली घरी."

"रडलीस तरी?"

"त्या दिवशी नाही."

ताटाभोवतीचा हात त्यानं काढून घेतला. उरलेला मासा तसाच ठेवून ताट धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं. आरडाओरडा केला असता, एखादी बशी फोडली असती, तर वर्नेलला बरं वाटलं असतं. तो पुढच्या दाराकडे निघाला. सवयीनं ती लगबगीनं उठली, दाराच्या मुठीकडे हात नेला.

"राहू दे," कॉर्डेल म्हणाला.

त्यानं मूठ धरली, फिरवली, स्वतःच्या हातानं दार उघडलं आणि पायऱ्या उतरून रस्त्याला लागला. मागे वळून पाहिलं नाही.

वर्नेल तिथंच उभी राहिली. मागितलं होतं ते देवानं दिलं होतं. अंधार पडला, डास आत यायला लागले, पण तिनं ते दार लावलं नाही.