कापून पाहिलेला शाफ्ट

कळमेश्वरच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होते. पोलाद तापवून, ठोकून तिथे जाड शाफ्ट घडवत. शाफ्ट न कापता त्याच्या आतला दाणा, म्हणजे पोलादाचे कण, किती बारीक आहेत, हे सांगणं माझं काम. तेल लावायचं, काडेपेटीएवढा प्रोब टेकवायचा आणि कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा. दाणा बारीक असेल तर आवाज पलीकडे आपटून पुन्हा पुन्हा परततो, पडद्यावर त्याच्या रेघा हळूहळू ठेंगण्या होत जातात. दाणा जाड असेल तर आवाज आतच विखरून जातो, आणि असा शाफ्ट लवकर तुटतो.

एकदा एकाच भट्टीतून निघालेल्या दहाही शाफ्टांत आवाज दुसऱ्या फेरीलाच संपला. मी प्रोब बदलला, मशीन चांगल्या तुकड्यावर लावून पाहिलं. तिथे रेघा नीट आल्या; शाफ्टांवर मात्र तेच. विभागाच्या साहेबांना सांगितलं, "सर, दाणा जाड झालाय. पुन्हा तापवून हवेत थंड केले तर सगळे वाचतील."

पडद्याकडे न बघताच ते म्हणाले, "मॅडम, ह्या रेघांवरून मी भट्टी पेटवू का? एक कापा. मले डोळ्यानं दिसू द्या."

"कापावं लागू नये म्हणूनच तर हे मशीन घेतलं ना, सर?"

"मशीनवर भरोसा आहे. तुमच्यावर नाही."

चार माणसं आजूबाजूला उभी होती, करवत चालवणारे काकाही.

कापण्यात अख्खी दुपार गेली. तुकडा घासून, आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दाणा जाडच होता. साहेबांनी बराच वेळ पाहिलं आणि "भट्टीवाल्यायची चूक आहे," एवढं म्हणून ते निघून गेले.

उरलेले नऊ पुन्हा तापवल्यावर सुधारले. अहवालात आलं, 'दोष कापून केलेल्या तपासणीत आढळला.' खाली साहेबांची सही.

पुढच्या बैठकीत मालकांनी विचारलं, एक शाफ्ट वाया का गेला? साहेब म्हणाले, "मॅडमची खात्री नव्हती. म्हणून कापावा लागला."

मी समोरच बसले होते आणि गप्प राहिले. त्यांच्या खोटेपणापेक्षा माझ्या गप्प बसण्याचाच राग मला आजही जास्त येतो.

बाहेर करवतीवरचे काका भेटले. त्यांना सगळं कळलं होतं. "काहून नाही बोलल्या वं बाई? त्या दिवशी आम्ही सारे होतो ना तिथं."

"तुम्ही तरी कुठे बोललात, काका?"

ते हातमोजे काढत राहिले. मी नागपूरची बस धरायला निघाले.