अत्तिंबेरांचा गांधार

कावेरीच्या दोन्ही काठांवर मिळून अरबी ऊद वाजवणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आत्याच्या यजमानांना कुंभकोणात तमिळमध्ये अत्तिंबेर म्हणतात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले आम्ही मराठेही तेच म्हणत असू. लढाईच्या काळात ते सरकारी धान्यकोठारावर कारकून म्हणून बसऱ्याला गेले. बाकीचे लोक तिथून खजूर आणि हिवताप घेऊन आले. अत्तिंबेर उतरले ते भोपळा उभा चिरल्यासारखे पोट असलेले एक वाद्य छातीशी धरून. वीणेला पडदे असतात, याला एकही नव्हता. बोट थांबेल तिथे सूर, आणि हा कारभार त्यांच्या स्वभावाला फारच मानवला.

कॉफीवर जीव टाकणाऱ्या आमच्या गावात ते बिनदुधाची काळी कॉफी पीत. आत्या दूध ओतायला आली की पेल्यावर हात ठेवून म्हणत, "दूध घालोन पिणें लेकरांस बरें." पावसाळ्यात सरस सुटू नये म्हणून ऊद चुलीपाशी, सांडग्यांच्या डब्याशेजारी निजवलेला असे. आत्या आल्यागेल्याला सांगे, "घरांत दोघांस गारठा बाधतो. दोघांसही मीच शेकतें." ऊद छेडायला पिसाचा दांडा लागे, आणि गरुडाच्या पिसाला त्यांच्या मते तोड नव्हती. देवळावर गरुड घिरट्या घालू लागला की सारे वैष्णव वर बघून भक्तिभावाने गालांना हात लावीत. अत्तिंबेरही लावीत, पण नजर जमिनीवर, कुठे पीस पडले का म्हणून. मग घरी येऊन रामाचे एखादे पद धरीत, ते हळूच बसऱ्याच्या कॉफीखान्यात नेत आणि न दमवता परत अयोध्येला आणून सोडीत. मला ते विलक्षण गोड लागे.

त्यांची इच्छा एकच होती: मेलकावेरीच्या आमच्या भजनमठात रामनवमीला, रामासमोर एकदा ऊद वाजवायचा. मठ माझ्या आजोबांच्या, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांच्या ताब्यात. दर वर्षी जावई विचारीत आणि दर वर्षी सासरे म्हणत, "सरि, बरें, पुढल्या वर्षीं पाहूं." अत्तिंबेर हसून मान डोलावीत, पण त्या दिवशी मात्र ते कॉफीत मुकाट दूध घालून घेत. तेवढे बघून आम्हाला वाईट वाटे.

एका रामनवमीला, दर वर्षी मठात वाजवणारे तिरुनागेश्वरमचे वीणावादक तापाने पडले. समया लागलेल्या, मठ भरलेला, व्यासपीठ रिकामे. आजोबांनी जावयाकडे पाहिले आणि नुसती मान हलवली. अत्तिंबेर धावतच ऊद घेऊन आले.

आमच्याकडचे रसिक पहिल्या दोन फिरतींतच राग ओळखून शेजाऱ्याच्या कानात सांगतात. न ओळखता ऐकणे त्यांना जमतच नाही. उजवीकडून कुजबुज आली, शंकराभरण. डावीकडून आली, खरहरप्रिया. पहिल्याचा गांधार चढा, दुसऱ्याचा उतरलेला, आणि अत्तिंबेरांचा गांधार दोहोंच्या मधोमध निवांत बसलेला. जरा वेळाने उजवीकडचे मत डावीकडे सरकले, डावीकडचे उजवीकडे, आणि मांडीवर ताल धरलेले दोन पेन्शनर एकमेकांशी बोलेनासे झाले. अत्तिंबेर डोळे मिटून वाजवत होते.

शेवटी सगळे निवाड्यासाठी आजोबांकडे वळले. आजोबांनी जावयाला विचारले, "गांधार कोणता हा?"

"मधला," अत्तिंबेर म्हणाले. सासऱ्यांना ते मामा म्हणत. "येथें त्यास जागा नाहीं, मामा. तेथें बसऱ्यास त्याचें घर आहे."

आजोबांनी समईची वात पुढे सारली. "तमिळांस आपण मराठे, देशावरल्यांस आपण तमिळ," ते म्हणाले. "मधें राहोनच इतक्या पिढ्या रामाचें गाइलें. त्यानें कधीं बेसूर म्हटलें नाहीं." मग उठता उठता म्हणाले, "पुढल्या वर्षीं वीणेस बोलावूं नका."

त्यानंतर अत्तिंबेर असेपर्यंत रामनवमीला वीणा आली नाही. आता ऊद आत्याच्या स्वयंपाकघरात तसाच आहे. पावसाळ्यात ती अजून त्याला चुलीजवळ घेते. आणि देवळावर गरुड दिसला की मी गालांना हात लावतो, आणि माझी नजर आपोआप खाली जाते.