सोबतीला बसणारा मामा

मामाने चहाचा कप कधी रिकामा केलेला मी पाहिला नाही. अर्धा कप ओट्यावर, अर्धा न्हाणीच्या कट्ट्यावर, एक त्याच्या काळीपिवळी जीपच्या टपावर, आणि हा दारात उभा राहून आईला विचारणार, "ताई, चहा ठेवला नाई का वं अजून?" मेहकर ते हिवरा आश्रम गाडीच्या फेऱ्या मारायचा. अड्ड्यावर त्याला सगळे भिंगरी म्हणत. त्याला जाऊन वर्ष होत आलं, पण त्याच्यावर नुसतं गोड गोड लिहायला मला जमणार नाही.

कारण मी त्याच्यावर गेले होते. बारावीत नापास झाले तेव्हा घरी येणारी प्रत्येक बाई तेच बोलली, "मामावर गेली पोरगी." फेब्रुवारीत पुन्हा परीक्षा होती. ती हुकली तर कॉलेज बंद आणि स्थळं पाहायची, असं बाबांनी सांगून टाकलं होतं. बुलढाण्याच्या डॉक्टरबाईंनी तपासून एडीएचडी आहे म्हणून गोळी लिहून दिली, तर बाबा म्हणाले, "आमच्या टायमाले याच्यावर दोन चपराकाचं औषध होतं." सगळे हसले. मामा हसला नाही. डॉक्टरबाईंनी काय काय विचारलं ते त्याने माझ्याकडून एकेक करून वदवून घेतलं. वस्तू हरवतात का, हाती घेतलेलं अर्धवट राहतं का, रांगेत उभं राहवत नाही का. ऐकता ऐकता तो मधेच उठला आणि बाहेर जाऊन स्वच्छ असलेली गाडी पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या फेऱ्या सोडून तो लसणाची टोपली घेऊन माझ्या खोलीत आला.

"पापड एकटी बाई लाटते काय कधी? चौघी बसल्या का होते. मंग अभ्यासच काऊन एकट्यानं करा लागते? तू वाच, मी लसून सोलतो. बोलाचं नाई."

ज्याला देवळात आरती संपेपर्यंत उभं राहता येत नव्हतं, तो माणूस रोज येऊन बसू लागला. लसूण संपला की शेंगा फोडायचा, शेंगा संपल्या की तूर निवडायचा. पाय सतत हलत असायचे, पण उठायचा नाही. आणि खरंच, तो बसला की मलाही बसता यायचं. मन अडून बसलं तर म्हणायचा, "वाचू नको, नुसतं पुस्तक उघड. उघडलं? आता एक ओळ पाह्य." पाठांतर अंगणात फेऱ्या मारत. पुस्तकं कपाटात ठेवायला बंदी, कारण "कपाटात गेलं ते वारलं." गोळ्यांची डबी त्याने चहापत्तीच्या डब्याला रबराने बांधली.

पहिल्या पेपरला तोच मला सोडायला निघाला. मी मागे उत्तरं म्हणत होते, तो पुढून हुंकार देत होता. बऱ्याच वेळाने मी बाहेर पाहिलं तर दोन्हीकडे शेतं! हा सवयीने हिवरा आश्रमच्या रस्त्याला लागला होता, आणि परीक्षेचं केंद्र मागे पडल्याचं दोघांतल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. कशी गाडी वळवली, कशी हाणली, देव जाणे. घंटा होऊन गेली होती. मास्तरांनी कसंबसं आत घेतलं.

पेपर सुटल्यावर पाहते तर मामा फाटकाशी उन्हात तसाच उभा. डोळे लाल. "मुद्दाम नाई केलं पोरी," एवढंच म्हणत राहिला. मी जवळजवळ ओरडले, "माहीत आहे मामा. मी पण गाडीतच होते."

मी पास झाले. कॉलेजसाठी अमरावतीला निघाले तेव्हा बसस्टँडवर मामाला म्हटलं, "दिवाळीला आले की एकदा डॉक्टरबाईंकडे चल. मी बसते तुझ्यासोबत."

तो माझ्या पिशवीचे बंद पुन्हा पुन्हा सोडून बांधत राहिला. तरणा असताना बियाण्याची थैली बसमध्ये विसरला म्हणून आजोबांनी त्याला भर बाजारात चपलेने मारलं होतं, आणि मग मरेपर्यंत त्याच्याशी अवाक्षर बोलले नव्हते. हे घरात सर्वांना ठाऊक होतं. तो स्वतः हा विषय कधी काढत नसे. त्या दिवशी काढला.

"मले नको नेऊ. बाईनं सांगतलं का हे दुखनं होय, तं मंग माहे बाबा चुकले. अन् बाबा आता नाईत. तो राग मी कोनावर काढू?"

दिवाळीला घरी गेले की आई आजोबांच्या फोटोला हार घालायला सांगते. मी घालत नाही.