गुलाब तुम्हालाच ठेवा

उमरोळी स्टेशनाबाहेर गवताच्या गंजीचा सौदा चालू होता, तेव्हा बाय गेल्याचा निरोप आला. बाय म्हणजे माझी थोरली बहीण. आईमागं तिनंच मला वाढवलं. सौदा टाकून आमच्या गावी, पामला पोचलो, तर तिच्या छातीवर वस्तीनं वाहिलेल्या लाल कागदी गुलाबांचा ढीग. माझं डोकं तिथंच फिरलं... ते अजून ठिकाणावर नाही.

आमच्या घरात राणीमायची लाकडी मूर्ती होती. ही कित्येक शतकांपूर्वीची पोर्तुगालची राणी, पुढं संत ठरलेली. पोर्तुगीज गेले, तारापूरचा किल्ला ओस पडला, पण आमच्या मोजक्या ख्रिस्ती घरांत तिची एक रीत राहिली. राणी ओच्यात भाकरी लपवून गरिबांना नेत असे. राजानं एकदा वाटेत अडवून ओचा सोडायला लावला, तर त्यातून गुलाब पडले. म्हणून मूर्तीच्या ओच्यात गुलाब कोरलेले. मूर्ती ज्या घरात, त्या घरच्या बाईनं भातलावणीच्या दिवसांत दारावरून जाणाऱ्याला ओच्यातली भाकरी द्यायची, नावगाव न विचारता. तेव्हा डोंगरातल्या कणग्या रिकाम्या झालेल्या असतात आणि माणसं कामासाठी खाली उतरतात.

बायनं ही रीत कधी मोडली नाही. तांदूळ मिळेना आणि रेशनवर मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, यायची, तेव्हा तिनं मिलोच्या लाल भाकऱ्या थापल्या. मी गवताची काडी न सोडणारा माणूस, मला ते बघवेना. "बाय, अर्धी अर्धी तरी दे," मी म्हटलं.

"अर्दी खाऊन तू लावणी करशील काय रं, पास्कू?" भाकरी भाजायच्या मातीच्या खापरीवरची नजर न काढता ती म्हणाली. "का राजा झालास, माजा ओचा तपासाया?"

तिला मातीत ठेवून परतलो, तोच चुलतभाऊ दुमिंग ओट्यावर आला. कपेलाचा, म्हणजे वस्तीतल्या छोट्या देवळाचा, कारभार तो बघतो.

"मूर्ती आता कपेलात नेऊ," तो म्हणाला. "सणाला गुलाबांची सजावट करू. भाकऱ्यांचा पसारा शोभत नाय."

"राणी घरातून काय घेऊन निघाली होती, दुमिंग?"

"गुलाब. मूर्तीतच हायत की."

"गुलाब राजाला दाखवायला होते, गाढवा. उपाशी माणसाच्या हातात फूल देऊन कुणी संत होतं काय?"

तो हसला. त्याच्यामागं सगळी वस्ती होती, माझ्यामागं कुणी नव्हतं. म्हणाला, "मूर्ती आमची, बाकी घरातलं काय पायजे ते तू ठेव."

मी बायची खापरी मागितली.

"ती काळी? ठेव बाबा." मला गंडवल्याच्या आनंदात तो मूर्ती उचलून गेला.

आता लावणी सुरू आहे. पालघरची गवताची वखार मुनिमावर टाकून मी पामला राहतोय. परवा ओट्यावर चूल मांडली, डुगडुगणाऱ्या खापरीखाली बाय लावायची तसा खडा लावला. पहिल्या भाकऱ्या फाटल्या, पुढच्या करपल्या. पुरुषाला ओचा कुठला... सदऱ्याचा घेर पुढं धरून त्यात घेतल्या आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. दुमिंग समोरून तसाच पुढं गेला. त्यानं बोलावं अशी माझी फार इच्छा होती.

डोंगराकडची एक म्हातारी थांबली. "बाय नाय?"

"नाय."

तिनं भाकरी उलटून पाहिली. "करपली हाय."

"उद्या बरी करतो," मी म्हटलं.