आईनं न घेतलेलं नाव

शेळगावच्या नकोशीबाई सणसरच्या शाळेत इंग्रजी शिकवतात. धडा राहतो बाजूला. शब्द कुठून आला हे सांगायला लागल्या की झालेली घंटासुद्धा त्यांना ऐकू येत नाही. ‘शुगर’ म्हणजे आपली शर्कराच, अरबांच्या हातून साहेबाच्या देशात पोचलेली. ‘मंगूस’ म्हणजे तर आपल्या बांधावरचं मुंगूस. आणि ‘नाइस’चा अर्थ एके काळी चक्क मूर्ख होता! ऊसवाल्यांच्या पोरांना शुगर आपल्याच घरची निघाल्याचा कोण अभिमान. बारामतीहून आणलेला जाडजूड शब्दकोश चाळून चाळून पार खिळखिळा झालाय.

एका शब्दाची चौकशी मात्र बाईंनी कधी केली नाही, ती स्वतःच्या नावाची. त्यात शोधायचं काय? तिसरीही मुलगीच झाली. तिला नकोशी म्हटलं की पुढं मुलगा होतो, अशी समजूत. पुढं मल्हार झालाही.

नावापेक्षा त्यांना सलायचं ते वेगळंच. सगळं गाव नकोशी म्हणायचं, आई तेवढंही म्हणायची नाही. मल्हारला लाडानं मल्ह्या, थोरल्या दोघींना त्यांच्या नावानं आणि हिला नुसतं “ए पोरी.” बाईंचे केस पिकले तरी “ए पोरी, जेवून घे.” नाव घेण्याइतकंही आईला आपलं अगत्य नाही, असं बाईंनी लहानपणीच मनाशी धरलं. लग्न केलं नाही, आईजवळच राहिल्या, पण बोलणं कामापुरतं. शेवटच्या आजारपणात औषधपाणी, अंथरूण, सगळं त्यांनीच केलं. मल्हार बारामतीहून पाहुण्यासारखा येऊन जायचा. तरी आईजवळ बसून चार शब्द बोलणं काही त्यांना जमलं नाही. श्रावणात म्हातारी गेली.

तेराव्याला बावड्याहून छबूबाई आल्या. बाईंच्या आत्या. जेवताना त्यांनी वहिनीचं कौतुक सुरू केलं, तशा बाई ताडकन म्हणाल्या, “आत्या, मरंपातूर तिनं माझं नाव घेतलं न्हाय.”

छबूबाईंचा घास हातातच राहिला.

“कशी घील गं? बारशाला तुझ्या कानात त्ये नाव म्या सांगितलं, आमच्या आईच्या हुकमानं. तुझी आई पाळण्यापासनं उठून गेली. म्हनली, तुमी कायबी म्हना, ह्यो शबुद माझ्या त्वांडातनं निघायचा न्हाय. सासूचा मार खाल्ला, पर निघाला न्हाय.”

छबूबाई पुढं म्हणाल्या, “तिच्या मनात दुसरंच नाव हुतं. सांगाय लागली, तर आमच्या आईनं गप केलं.”

“कुठलं?”

“ठावं न्हाय, बाय. कुनी इचारलंच न्हाय.”

बाई पानावरून उठल्या आणि चुलीपाशी जाऊन ओक्साबोक्शी रडल्या. त्याच चुलीपाशी ते नाव जाणणारी आई जन्मभर त्यांना जेवायला वाढत होती, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.