हात मोडल्याची नोंद नाही

चिखलीत आम्ही राहतो त्या वस्तीच्या मागून चाकणकडे निघणारा एक आडरस्ता आहे. हमरस्त्यावर कंटेनरची रांग लागली की कंपनीत जाणारे सगळे दुचाकीवाले तिथून घुसतात. मध्ये एक ओढा लागतो. त्यावर दोन सिमेंटचे पाइप टाकून वर मुरूम-डांबर पसरलेलं, त्याला सगळे मोरी म्हणतात. कठडा नाही. डाव्या अंगाची कड खचलेली. सकाळच्या शिफ्टला जाताना समोरून टेम्पो आला, मी स्कूटी कडेला घेतली, आणि कड, स्कूटी नि मी असे तिघंही ओढ्यात गेलो.

मला वर काढलं आमच्या घरमालकांनी. त्यांचं शेत ओढ्याला लागून आहे. शेत म्हणजे आता राहिलेला वीतभर तुकडा. बाकीच्या जमिनीवर त्यांनी चार मजली चाळवजा इमारत बांधली आणि आमच्यासारखे भाडेकरू पेरले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मामा गवत कापत होते. विळा टाकून धावत आले आणि म्हणाले, "उठू नगं बाय. आदी हात बगू दी."

हात मनगटापासून भलत्याच दिशेला वळला होता. मी चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांना लागणारे रबराचे बुश तपासते. दिवसभर एकेक नग हातात घेऊन कुठे बारीकशी चीर आहे का ते बघायचं काम. माझ्या मनगटातली चीर मात्र मला एक्स-रेशिवाय कळली. दोन महिने प्लॅस्टर, आणि पगार बिनपगारी रजेत गेला.

प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून मी तीन कार्यालयं फिरले. पहिल्याने सांगितलं, रस्ता आमचा पण मोरी आमची नाही. दुसऱ्याने सांगितलं, मोरी आमची असू शकेल पण रस्ता आमच्या नकाशात नाही. तिसऱ्या कार्यालयातल्या बाईंनी माझा अर्ज वाचला, हाताकडे बघितलं आणि विचारलं, "डावाच आहे ना?" मी हो म्हटल्यावर त्यांना बरंच हलकं वाटलेलं दिसलं.

आता आमच्या भागातल्या बऱ्याच लोकांची एक गंमत आहे. आम्ही राहतो इथे, राबतो इथे, पण मतदार यादीतलं नाव अजून गावी. निवडणुकीला गाड्या भरून मराठवाड्यात जातो नि मत टाकून परततो. त्यामुळे आमचे आमदार एका रात्रीच्या प्रवासावर राहतात. तेही हुशार आहेत. मतदार इकडे आलेत म्हटल्यावर वर्षातून एकदा तेच इकडे येतात आणि चिखलीच्या मंगल कार्यालयात तालुक्याच्या लोकांचा स्नेहमेळावा भरवतात. जेवण चांगलं असतं.

त्या मेळाव्यात पंगतीतून फिरता फिरता ते माझ्यासमोर थांबले. "काय ताई, हाताला काय करून घेतलाव?"

मी सांगितलं. त्यांनी स्वीय सहायकाला हाक मारली आणि तिथल्या तिथे फर्मावलं, "घ्या हे लिहून. तारांकित करू."

तारांकित म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. सहायकाने समजावलं की असा प्रश्न विधानसभेत विचारला जातो आणि मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. मला एकदम भरून आलं. माझ्या हातासाठी मंत्री उभा राहणार! घरी येऊन मी मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "हुबा ऱ्हाऊन काय करनार? हितं यिऊन वाकून बघाया पायजे."

पण प्लॅस्टर निघून मी कामावर परतले तोवर पावसाळी अधिवेशनात प्रश्न खरंच लागला आणि सहायकाने प्रेक्षक गॅलरीचे दोन पास पाठवले. नवऱ्याला सुट्टी मिळेना, तेव्हा मामा तयार झाले. त्यांनी कडक इस्त्रीचं धोतर, नवी टोपी काढली. निगडीहून पहाटेची बस धरून आम्ही मुंबईला पोचलो.

दारावर झडती झाली. मोबाइल घेतले, माझा डबा घेतला, मामांची तंबाखूची पिशवी घेतली. मग एका गणवेशधारी मार्शलने आम्हाला नियम सांगितले. बोलायचं नाही, हसायचं नाही, टाळी वाजवायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपायचं नाही. मामांनी विचारलं, "आन शिंक आली तर?" मार्शलने उत्तर दिलं नाही. बहुधा तरतूद नसावी.

गॅलरीत बसलो. खाली मोठं गोल सभागृह, थंडगार हवा, हिरवा गालिचा. एका बाकावर एक सन्माननीय सदस्य हनुवटी छातीला टेकवून शांत झोपले होते. मामांनी सवयीने एक पाय वर घेतला तर मार्शल तीन ढांगांत येऊन पोचला. मामांनी पाय खाली घेतला आणि बोटाने खालच्या झोपलेल्या सदस्यांकडे दाखवलं. मार्शलने तिकडे न बघण्याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं.

सहायकाने छापील यादी दिली होती. आमचा प्रश्न तिसरा. त्यात माझा सगळा अपघात सरकारी मराठीत गेला होता: सदर मोरी खचली असून तीवरून पडून एका कामगार महिलेस गंभीर दुखापत झाली, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? शेजारी उत्तरही छापलेलं होतं. मी ते तीनदा वाचलं. पहिल्या भागाला उत्तर होतं, 'हे खरे नाही.' उरलेल्या दोन्हींना मिळून, 'प्रश्न उद्भवत नाही.'

"काय लिवलंय?" मामांनी कानात विचारलं.

"मी पडलेच नाही म्हणे."



पहिला प्रश्न कुठल्याशा धरणाच्या कालव्याचा होता. त्यावर बोलताना मंत्री एका विरोधी सदस्याला म्हणाले, "आपण फार हुशार आहात." संपलं. विरोधी बाकांवरून चाळीस-पन्नास माणसं एकदम उठली. 'हुशार' हा शब्द मागे घ्या! मंत्री म्हणाले, मी कौतुकाने म्हटलं. विरोधक म्हणाले, तुमचं कौतुक आम्हाला कळतं. सत्तेतले एक ज्येष्ठ सदस्य उठून म्हणाले की हुशार हा शब्द असंसदीय ठरवला तर सभागृहात यापुढे कुणालाच हुशार म्हणता येणार नाही. ही भीती कुणाला वाटायचं कारण मला तरी दिसत नव्हतं. लोक अध्यक्षांच्या समोरच्या मोकळ्या जागेत उतरले, घोषणा झाल्या, कागद उडाले. कामकाज दहा मिनिटांसाठी तहकूब.

तहकूब झाल्याबरोबर मी एक गोष्ट पाहिली. ज्यांनी एकमेकांवर बोटं रोखली होती तेच एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत बाहेर निघाले. आमच्या कंपनीत भोंगा झाल्यावर कामगार कँटीनला निघतात तसे, अगदी मोकळे. मामा म्हणाले, "भांडान खोटं व्हतं व्हय?"

परत बसले, परत 'हुशार', परत पंधरा मिनिटं तहकूब. शेवटी अध्यक्षांनी तो शब्द तपासून कामकाजातून काढून टाकण्याचं आश्वासन दिलं आणि कालवा बाजूलाच राहिला. दुसरा प्रश्न विचारणारे सदस्य हजर नव्हते. आणि तिसरा पुकारला गेला तेव्हा प्रश्नोत्तराच्या तासाची शेवटची काही मिनिटं उरली होती.

आमचे आमदार उभे राहिले. मी बाकाच्या कडेपर्यंत पुढे सरकले. ते जोरात म्हणाले, "अध्यक्ष महोदय, हे उत्तर धादांत खोटं आहे! एका कष्टकरी भगिनीचा हात मोडला आणि शासन म्हणतं खरे नाही?"

मंत्री उठले. त्यांच्या मागच्या बाजूने अधिकाऱ्यांकडून एक चिठ्ठी आली. ती वाचून म्हणाले, "अध्यक्ष महोदय, संबंधित यंत्रणेकडून तपासून घेतलं. अशा कोणत्याही दुखापतीची नोंद आढळून येत नाही. सन्माननीय सदस्यांनी सदर महिलेचं नाव सांगावं, मी आजच माहिती घेतो."

आमदारांनी हातातला कागद उलटला. मग सुलटला. खिसा चाचपला. मी पंगतीत त्यांना नाव सांगितलं होतं, अर्जावर नाव होतं, पासावर नाव होतं. "अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "नाव महत्त्वाचं नाही, भावना महत्त्वाच्या आहेत."

मंत्री हसले. "म्हणजे महिलाच अस्तित्वात नाही."

सभागृहात हशा पिकला. झोपलेले सदस्यही जागे होऊन हसले. आणि मी, ज्या हाताचा विषय होता तो हात मांडीवर घेऊन, नियमाप्रमाणे गप्प बसले होते.

मामा उठले. मी धोतराचा सोगा धरला तोवर उशीर झाला होता. शेतात लांबच्या माणसाला हाक मारतात त्या आवाजात ते ओरडले, "आरं, ती बाय हितं बसलीया! ह्यो बगा हात! मी काढलीया तिला वड्यातनं!" आणि त्यांनी माझा डावा हात धरून वर केला.

सबंध सकाळभर त्या सभागृहात कुठल्याच गोष्टीवर दोन्ही बाजूंचं एकमत झालं नव्हतं. ते आता झालं. उजवीकडचे उठले, डावीकडचे उठले. सभागृहाचा अवमान! विशेषाधिकारावर घाला! एक विरोधी सदस्य म्हणाले, या इसमास सभागृह उठेपर्यंत कैदेत ठेवा. सत्तेतल्या एकाने त्यांना अनुमोदन दिलं आणि दोघांनी एकमेकांना मान लवून दाद दिली. आमचे आमदार काय करत होते ते मी पाहिलं. ते खाली वाकून बूट नीट करत होते.

चार मार्शल आले आणि आम्हा दोघांना एका खोलीत नेऊन बसवलं. भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून आत काय चाललंय ते ऐकू येत होतं. मोरी संपली होती. प्रश्नोत्तराचा तासही संपला होता. चर्चा मामांवर चालली होती, आणि ती चांगली रंगली. गॅलरीला काच लावावी का, पास देताना चौकशी करावी का, ग्रामीण भागातल्या लोकांचं प्रबोधन करावं का. शेवटी अध्यक्षांनी वयाचा विचार करून लेखी माफीवर सोडून देण्याचा निर्णय दिला आणि सभागृहाने बाकं वाजवली.

अधिकाऱ्याने कागद पुढे केला. मामांना सही करता येते, लिहायला जड जातं. मी लिहिलं. 'माझ्याकडून नकळत सभागृहाच्या शिस्तीचा भंग झाला.' वाचून दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, "नकळत न्हाई. मी समजून उमजून वरडलो."

"मामा, असंच लिहितात."

"तू पन असंच लिवतीस व्हय?"

मी तो शब्द बदलला नाही. आम्हाला परतीची बस पकडायची होती, मला दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट होती, आणि खरं तर मी घाबरले होते. मामांनी सही केली.  मला तो 'नकळत' अजून टोचतो.

बाहेर पडताना आमदार भेटले. कॅमेऱ्यांसमोर उभे होते. "आज जनतेचा आक्रोश थेट सभागृहात पोचला," असं सांगत होते. कॅमेरे हलल्यावर आमच्याजवळ आले, मामांना म्हणाले, "लई अडचणीत आणलाव हो मला." मग हळूच, "पण झकास झालं." माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, नाव काय म्हणालात तुमचं?"

पुढे एक कनिष्ठ अभियंता मोरी बघायला आला. त्याने फोटो काढले, मला पडण्याचा पुरावा मागितला, एक्स-रेची झेरॉक्स घेतली आणि गेला. महिना गेला, दुसरा गेला. मग त्याच कडेवरून आमच्या इमारतीतल्या एका पोराची सायकल घसरली. त्याला लागलं नाही, पण मामांनी त्याच आठवड्यात कड रुंद करायला स्वतःच्या तुकड्यातली दोन हात जागा मोकळी केली. शेजारच्या इमारतीच्या कामावर उरलेलं काँक्रीट ठेकेदाराने दिलं. रविवारी आम्ही भाडेकऱ्यांनी पाट्या वाहिल्या. माझ्या हाताला अजून वजन झेपत नव्हतं म्हणून मी चहा केला आणि सळया धरून उभी राहिले. संध्याकाळपर्यंत कड बांधून झाली, गुडघाभर कठडासुद्धा.

पंधरा दिवसांनी मामांना नोटीस आली. शासकीय मोरीवर विनापरवाना बांधकाम केल्याबद्दल खुलासा करावा. मोरी शासकीय असल्याचं शासनाने मान्य केलेला हा पहिला कागद. मामांनी तो मला वाचायला लावला आणि विचारलं, "पाडत्याल का?"

"बहुतेक नाही. पाडायला यावं लागतं."

खुलासा मीच लिहिला. या वेळी मामा सांगतील ते, त्यांच्याच शब्दांत, एकही शब्द न बदलता. 'वडा आमचा, पोरं आमची, कड आमी बांधली. चूक काय ते यिऊन दावा.' रजिस्टर पोस्टाने पाठवला. त्याला वर्ष होत आलं. कुणी आलेलं नाही. सकाळी त्या रस्त्याने आता कंपनीची मिनीबससुद्धा जायला लागली आहे, आणि गवत कापता कापता मामा तिच्या ड्रायव्हरला ओरडून सांगतात, "दमानं रं, आजून वलं हाय!" काँक्रीट केव्हाच वाळलंय, पण ड्रायव्हर ब्रेक मारतो.