भिंतीपलीकडचं हसू

शिवाजी पेठेतल्या त्या शिंप्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. सगळ्यांनाच "पावणं" म्हणायचा, तेही गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं.

आणीबाणीत मी तिथल्या पोलीस ठाण्यात हवालदार होतो. पेठेतल्या एका मास्तरांना उचलून आणलं होतं, पण नोंदवहीत त्यांचं नाव नव्हतं. वहीत नसलेल्या माणसाचं पुढं काहीही करता येतं, हे मला कळत होतं. तरी मास्तरांची चौकशी करायला येणाऱ्या शिंप्याला आठ दिवस मी सांगत राहिलो, "इथं असा कुणी नाही."

तो चिडायचा नाही. रोज आणखी कुणाला घेऊन यायचा. हक्क समितीचे वकील, शिक्षक संघाचे अध्यक्ष, युनियनच्या बाई. एरवी ही मंडळी एका बाकावर बसली नसती. त्यांना बसवून तो मला फुटबॉलच्या बातम्या द्यायचा, ओरडून.

नवव्या दिवशी म्हणाला, "पावणं, आपला गोलकीपर पेरू खात हुबा. गोल झाल्यावर इचारतोय, म्याच सुरू झाली व्हय?"

भिंतीपलीकडच्या कोठडीतून मास्तर खदखदून हसले. साऱ्या पेठेच्या ओळखीचं ते हसू. बाकावरचे सगळे एकदम उठले.

शिंप्यानं कानावरची पेन्सिल माझ्यापुढं धरली. "लिवा की आता."

मी वहीत मास्तरांचं नाव पेनानं लिहिलं, कुणाला पुसता येऊ नये म्हणून.

मास्तर सुटले तेव्हा पेठेनं पेढे वाटले. माझे शर्ट अजून तोच शिवतो. माप देताना माझी मान खाली जाते, तसा ओरडतो, "ताठ ऱ्हावा पावणं, माप चुकतंय."